मथुराबाईंची शिवण

परीक्षक मॅडमची बोटं कापडावर एका जागी थांबली. गेलं सगळं, चैतालीला वाटलं. एका शिवणीपायी दोन वर्षांच्या शिक्षणावर पाणी.

पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगची ही शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. गावातल्या बायकांपुढं आरोग्याची माहिती द्यायची आणि बाहेरून आलेल्या मॅडमनी मागं बसून मार्क टाकायचे. चैतालीला विषय आला होता स्तनाचा कर्करोग, आणि नशिबानं गाव आलं होतं तामलवाडी, तिचं स्वतःचंच सासर. विहारात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. बोलली तर ती झकास. तक्त्यावर काठी ठेवून तिनं बजावून सांगितलं, गाठ दुखत नसली तरी दाखवायची. कातडी आत ओढल्यासारखी दिसली, तर एक दिवससुद्धा घालवायचा नाही. मग स्तनाचं कापडी मॉडेल फिरवलं. बायका पदराआड हसल्या, पण हसत हसत एकेकीनं दाबून गाठ शोधली. "सासूला बी शिकीव गं," कुणीतरी म्हणालं. सासू, मथुराबाई, मागं भिंतीला टेकून नातीला मांडीवर थोपटत बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत मॉडेल गेलं तेव्हा त्यांनी ते न दाबताच पुढं दिलं. तिथून ते मॅडमच्या हातात आलं.

ते शिवलं होतं मथुराबाईंनीच, आदल्या दिवशी. चैतालीनं जुन्या ब्लाउजचं कापड दिलं होतं, कापूस दिला होता आणि गाठ म्हणून घालायला काचेची गोटी दिली होती. मथुराबाईंनी गोटी बाजूला सारली. शेतातला एक ओबडधोबड खडा चिंधीत गुंडाळला, खालच्या कापडाला टाके घालून घट्ट बसवला आणि वरून दोरा असा ओढला, की कापडाला खळीच पडली.

"आत्या, बिघडली की हो शिवण. चुणी पडली. अन् गोटी कुठंय?"

"गोटी बोटाखालनं पळती," मथुराबाई म्हणाल्या. "ही पळत न्हाय."

"मी सांगते एक, तुम्ही करता एक. मार्क गेले म्हणजे?"

मथुराबाईंनी दोरा दातानं तोडला. उसवून पुन्हा शिवायला वेळ नव्हता. चैतालीनं धुसफुसत मॉडेल पिशवीत कोंबलं.

तसं पाहिलं तर या बाईवर चिडायला तिला तोंड नव्हतं. नर्सची नोकरी सांभाळून शिकावं असा तिचा विचार होता, पण कॉलेजात ती सोयच नव्हती. शिकायचं तर पूर्ण वेळ, नाहीतर बसा घरी. पोर तेव्हा आठ महिन्यांची. नवरा नळदुर्गला हायवेवर टायरच्या दुकानात, घरी यायचा आठवड्यातून एकदा. मथुराबाईच म्हणाल्या, "सोड नोकरी. पुरतं शिकून घे. पोरीचं म्या बघते." आणि नुसतं म्हणाल्या नाहीत. दोन वर्षं सोलापूरच्या साडेसहाच्या एसटीला सुनेच्या हातात गरम डबा असायचा. दोन वर्षांत त्या एकदाही दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. आमच्या आत्या म्हणजे लई काटक, असं चैताली कॉलेजात कौतुकानं सांगायची.

बायका चहाला उठल्या. मॅडमनी पुन्हा एकदा खळीवरून अंगठा फिरवला.

"हे तुम्ही शिवलंत?"

"नाही मॅडम, सासूबाईंनी. चुकलंय ते, मला कळतंय. त्यांना काय ठाऊक..."

"चुकलंय कुठं?" मॅडम म्हणाल्या. "सगळ्या मुली गोल मणी घालून आणतात, दाबला की सरकतो. ही गाठ खाली धरून बसलीय. कडा वेड्यावाकड्या आहेत. वरचं कापड आत ओढलंय. पंचवीस वर्षं शिकवतेय मी, इतकं बिनचूक मॉडेल कुणी आणलं नव्हतं."

त्यांनी कागदावर आकडा टाकला. चैतालीनं चोरून पाहिलं. पैकीच्या पैकी. तिचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद झाला, की कालच्या बोलण्याची लाज वाटायलाही सवड मिळाली नाही.

"आत्या, इकडं या की. मॅडम तुमचं नाव घेतायत."

मथुराबाई नातीला सतरंजीवर ठेवून हळूहळू पुढं आल्या. मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढून त्यांना बसायला दिली आणि आवाज खाली आणला.

"मावशी, हे कुणाचं बघून शिवलंत?"

मथुराबाईंनी मॅडमकडं पाहिलंच नाही. त्यांनी सुनेकडं पाहिलं, काही चोरून ठेवलेलं सापडल्यासारखं. चैतालीनं मॉडेल हातात घेतलं. आत्ता तासाभरापूर्वी तिनं साऱ्या गावाला तक्त्यावर जे दाखवलं होतं, तेच त्या कापडावर होतं, आणि काल तिनं त्याला चुणी म्हटलं होतं.

"सरली नव्हं परीक्षा?" मथुराबाईंनी विचारलं.

चैतालीनं कशीबशी मान हलवली.

"मग सांगते. पर रागवू नको. तुझं कॉलेज लागलं, तवा हरभऱ्याएवढी व्हती."