मारुतीला दिलेली फळी

मनकर्णा अंगणात बसून जुन्या लुगड्याच्या चिंधीनं फळीची चाकं पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं प्रत्येक चाकात दोन-दोन थेंब तेलही सोडलं.

"देवालाच द्यायची तर तेल कशाला, माय?" भक्ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

"देवाला कुरकुरती वस्तू देत असत्यात का?"

भक्तीनं तोंड फिरवलं. चार दिवस ती आईशी धड बोलत नव्हती, आणि घरात तर माणसं दोनच.

फळी म्हणजे स्केटबोर्ड. पेडगावात एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड आहे? ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला, तो भक्तीनं मोबाईलवर पाहिला आणि खुळावलीच. पुण्याच्या मावसभावानं आपली जुनी फळी तिला दिली. गावात नवा सिमेंटचा रस्ता झाला होता. त्यावरून ही सुसाट निघाली की बाया तोंडाला पदर लावायच्या, आणि परत कधी येते ते बघायला ओट्यावरच बसून राहायच्या.

मग दिवाळीत ती पडली. पाय मोडला. पाय वाकडा राहील की काय, अशी भीती होती. मनकर्णानं दवाखान्यातच हात जोडले, "पोरीचा पाय सरळ होऊ दे, मारुतीराया. ती फळी तुझ्या पायावर आणून घालते."

पाय सरळ झाला. नवस हनुमान जयंतीला फेडायचा होता. तोवर भक्तीनं फळी चालवलीच, आणि मनकर्णानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. पण जयंती आली शुक्रवारी, आणि परभणीला निवड चाचणी होती रविवारी. तिथं फळी ज्याची त्यानं न्यायची होती.

"माझ्या पायासाठी माझीच फळी दिलीस," भक्ती म्हणाली. "तुझं काय गेलं?"

मनकर्णानं चिंधी झटकली. "एकदा दिली की दिली. दिलेल्यावर डोळा ठेवू नये. लय पाप लागतंय."

भक्तीनं डोळा आधीच ठेवला होता.

पेडगावच्या मारुतीला नवसाचं जे येतं, त्याचा जयंतीच्या संध्याकाळी पारावर लिलाव होतो. बोली पैशांची नाही, गव्हाची. जितक्या पायल्यांवर वस्तू सुटेल, तितके गहू घेणाऱ्यानं दुसऱ्या दिवशीच्या भंडाऱ्याला घालायचे. बोली पुरुषांनी बोलायची. बायांनी एका बाजूला उभं राहून ऐकायचं. म्हणून भक्तीनं चुलतभाऊ बालाजीला गाठलं.

"दादा, पंधरा पायल्यांपर्यंत जा. पर मायला कळू देऊ नको."

"आन् गहू?"

"कणगीतले काढते. माय शेतात गेली की."

बालाजीच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे. पण त्यानं गळ्याची शपथ घेतली.

संध्याकाळी लिलाव पुकारणाऱ्या बन्सीधर काकांनी पारावर उभं राहून आधी दोन घंटा विकल्या, मग एक समई. शेवटी त्यांनी फळी वर धरली तेव्हा हशा पिकला.

"मारुतीरायाची गाडी! बोला!"

"दोन पायल्या," बालाजी म्हणाला.

"चार." गिरणीवाले माणिकराव.

भक्तीनं टाचा उंचावून पाहिलं. माणिकरावांना या वयात फळी कशाला?

"गिरणीत पोती सरकवायला बरी," माणिकराव आपणहून म्हणाले.

बालाजी सहा म्हणाला, माणिकराव सात. बालाजी दहा, माणिकराव अकरा. दर बोलीआधी माणिकराव बायांच्या बाजूला पाहत होते. तिथं त्यांची बायको कमलबाई उभी होती. घरात चालतं ते तिचंच, हे गावाला ठाऊक होतं. तिला खेटून मनकर्णा पदर सावरत उभी होती.

"पंधरा!" बालाजी ओरडला.

माणिकरावांनी पुन्हा तिकडं पाहिलं, घसा साफ केला.

"सोळा."

बालाजीनं भक्तीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. फळी सुटली.

भक्ती घरी येऊन न जेवताच आडवी झाली. ज्या फळीवर तिनं हवेत वळायला शिकून घेतलं, तिच्यावर आता पिठाची पोती बसणार होती. तिला फार रडू आलं. मनकर्णा दोनदा जवळ येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली.

सकाळी गहू ओतल्याच्या आवाजानं भक्ती जागी झाली. मनकर्णा कणगीपाशी बसून पायलीनं गहू मापत होती. पहिल्या पायलीला रीतीप्रमाणं 'लाभ' म्हणाली, मग दोन, तीन करत पुढं मोजत गेली. भक्ती पडल्या पडल्या ऐकत राहिली. बालाजीनं शपथ मोडली की काय? पण ती तर हरली होती. मग हे गहू कुणाचे?

"सोळा," म्हणून मनकर्णा थांबली.

भक्ती ताडकन उठून बसली. पोत्याच्या आडोशाला भिंतीशी फळी टेकवून ठेवली होती. तिला शेंदराचं बोट लागलं होतं, आणि चाकांना कालचंच तेल होतं.

"बघती काय? ऊठ, आंघोळ कर. परसादाला आलेली वस्तू हाय, उद्या परभणीला नीट जपून ने." मनकर्णानं पोत्याचं तोंड आवळलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "चार पायल्यांतच घरी आली असती गं. पर त्या मेल्या बालाजीला कुणी चढवला, तेवढं मला कळू दे!"