दादाचं ठरलंय

दादाने कधी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मला पुढे शिकायचं होतं तेव्हाही "तू काहीही म्हण, माझं ठरलंय" म्हणाला आणि माझं लग्न लावून मोकळा झाला.

आता आईला माझ्याकडे राहायचंय, तर म्हणे, "पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळू. जिंकलीस तर ने आईला." लिहिलेली खेळी परत घ्यायची नाही, हा नियमही त्याचाच.

मी वजिरापुढचं प्यादं सरकवलं. त्याने उत्तरात आपलं एक प्यादं सरकवलं आणि पुढची खेळीही लिहून टाकली: "तू काहीही खेळ, त्यावर माझा उंट या प्याद्याच्या मागे येणार. तुझ्यासाठी कार्डं कोण वाया घालवणार?"

मग मी माझा उंट थेट त्याच्या उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला. शेंबड्या पोरानेही तो मारला असता. पण दादाचा उंट, लिहून दिल्याप्रमाणे, प्याद्यामागे माझ्या तावडीत येऊन बसला. त्याच्यामागचा हत्तीही सापडला.

माझं कार्ड मिळताच त्याचा फोन आला. "ए, थांब! आधी मी तुझा उंट..."



मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "तू काहीही म्हण दादा, तुझं ठरलंय. आईची बॅग भर."