लाल शाईचा अंगठा

"दीर म्हणाले तिथं अंगठा लावला," एवढंच मला तलाठ्याला सांगता आलं आणि आमच्या वाटणीचं घर गेलं. त्यानंतर, केस पिकल्यावर, मी अक्षरं गिरवायला बसले.

आता अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला मुलाकडे असते. प्रितम इंजिनिअर आहे, व्हिसावर आलेला. मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपनं त्याच्या डोक्यात भरवलं, की स्वतःचा जाहीरनामा लिहून दिला की माणूस सरकारपासून स्वतंत्र होतो. मग लायसन्स नको, टॅक्स नको. फक्त पासपोर्टची कॉपी पाठवायची आणि सहीशेजारी लाल शाईत अंगठा उठवायचा.

"अरे यार, आपण इथे व्हिसावर आहोत," सून मैत्री म्हणाली.

"नीट वाचून लाव रे बाबा," मी म्हटलं.

"आई, आता तू मला वाचायला शिकवणार?" तो हसला आणि अंगठा उठवून मोकळा झाला.

पुढच्याच महिन्यात हायवेवर पोलिसांनी गाडी अडवली. नंबरप्लेट सरकारी नव्हे, ग्रुपनं दिलेली, आणि हा लायसन्स दाखवेना. बेड्या घालून नेला. ग्रुपचे फोन बंद झाले. पासपोर्टची कॉपी त्यांच्याकडेच राहिली.

जामिनावर सुटल्यावर वकीलबाईंनी तो जाहीरनामा त्याच्यापुढे ठेवला. मैत्री मला हळू आवाजात मराठीत सांगत होती, "त्या म्हणतात, यात लिहिलंय की या देशाचा एकही कायदा मी मानत नाही. आता व्हिसा टिकणं कठीण आहे. विचारतायत, वाचलं नव्हतं का?"

प्रितमनं वकीलबाईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाला,



"आई, ते म्हणाले तिथं अंगठा लावला."