मेन स्विच

पणजेसासूबाई भागीरथी, आजेसासूबाई मथुरा, सासूबाई इंदिरा. नवरात्रात देवघरातला दिवा कोणी विझू दिला नाही. माझ्या काळी तो विजेचा झाला.

स्टार्टर बदलूनही स्वयंपाकघरातली जुनी ट्यूबलाइट लुकलुकतच राहिली, तेव्हा सून चोक तपासायला स्टुलावर चढली.

“आई, मेन बंद करा ना. बटण बंद असलं तरी पट्टीत करंट राहतो, बाबा म्हणतात.”

“वायरमनची अक्कल माहेरी ठेव. दिवा विझायचा नाही.”

तिने हात लावला आणि बोटे तिथेच चिकटली. तोंडून आवाज फुटेना. मी धावत जाऊन मेन पाडला. देवघर अंधारले, ती कोसळली. तिच्या नाकापाशी बोट धरताना माझाच श्वास अडकला होता. तिचा चालू होता.

दसऱ्याला तिच्या वडिलांना पाटावर बसवून, लग्नापासून बारा वर्षे राहिलेला व्याह्यांचा मान मी पुरता दिला.