बॉयलरमामांचं मत

कँटीनमधल्या एकूणएक फॉर्मवर ‘अमान्य’समोर आधीच खूण झाली होती, कामगारांनी नुसती सही ठोकायची होती. हे पुण्यकर्म मॅनेजरने काल स्वतः बसून उरकलं होतं. प्रश्न साधा होता. हवामान बिघडत चाललंय, म्हणून कारखान्यांनी पाच वर्षांत कोळसा बंद करावा, असा नियम येऊ घातलाय. तुम्हाला मान्य आहे का?

मतं गोळा करायला आलेल्या सरकारी बाई म्हणाल्या, “कुणी तोंडानेही बोला की.” मॅनेजरने लगेच बॉयलरमामांना पुढे केलं. कापड रंगवायच्या या कारखान्यात वाफ करायची ती मामांनी. सत्तावीस वर्षं ते कोळसा लोटत आले होते. नियम आला तर पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर. मग त्यांच्याइतकं पोटतिडकीने ‘नको’ कोण म्हणणार?

“नियम यायला पाहिजे,” मामा म्हणाले.

मॅनेजरला वाटलं, म्हातारा गोंधळला. “मामा, नको म्हणायचंय आपल्याला.”

“मला काय म्हणायचंय ते मला ठाऊक आहे.” मामा बाईंकडे वळले. “पूर्वी कोळसा टाकून झाला की मी दोन मिनिटं दारात जाऊन उभा राहायचो. बरं वाटायचं. तेवढ्यावर पाळी निघायची. आता तीन उन्हाळे झाले, दारात जातो नि तसाच मागे फिरतो. आत काय, बाहेर काय, सारखंच.”

“आपल्या एका बॉयलरने जग तापतं होय?” मॅनेजरने विचारलं.

“एकट्याने नाही तापत. पण प्रत्येक कारखान्याचा मॅनेजर हेच म्हणतो ना.”

मागच्या बाकांवर हसू फुटलं आणि लगेच दाबलंही गेलं. मामांचा जावई रंगखात्यात होता. तो उठून त्यांच्या कानाशी आला. “मामा, वाफ नसली तर माझंही खातं बंद. दोघंही घरी बसू. तुमच्या लेकीला काय सांगू?”

जावई काही खोटं बोलत नव्हता.

“भीती मलाही वाटते,” ते म्हणाले. “म्हणून काय खोटं सांगू?”

मॅनेजरचा पारा चढला. “ठीक आहे. नियमाची वाट कशाला बघायची? उद्याच बंद करतो बॉयलर. मग बसा बोंबलत.”

मामा जागचे हलले नाहीत.

“बंद करायलाही मीच लागेन, साहेब. एकदम आग काढली तर तो तडकतो. विस्तव आधीपासून, थोडा थोडा उतरवत आणावा लागतो. आणि ते इथे मला एकट्याला येतं.”