एका ओळीची दुरुस्ती

"तो फोटो काढा जरा," तानाबाई म्हणाल्या. चहाचा कप त्यांनी तसाच बाजूला सारला.

अनुजानं लॅपटॉप पुढं ओढला. कागलच्या एमआयडीसीतली नोकरी सांभाळून ती बारा वर्षं दर रविवारी ब्लॉग लिहीत आली होती. हल्ली वाचणारे थोडेच उरले होते. पण २०१९ च्या महापुरावरची एक पोस्ट अजून फिरायची. कृष्णेला पाणी चढलं की शिरोळकडचं कुणीतरी ती पुन्हा व्हॉट्सॲपवर टाकायचंच. म्हणून परवा राजनंदिनी नावाच्या दहावीतल्या मुलीचा फोन आला, "त्या फोटोत माझे पप्पा हायत, आजीला तुम्हाला भेटायचंय," तेव्हा अनुजाला बरं वाटलं होतं. या आजींसाठी, तानाबाईंसाठी, तिनं सकाळीच चिवडा करून ठेवला होता.

फोटो उघडला. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात रबरी बोटीतून उतरणारा एक तरणा गडी, पाठमोरा.

"खाली काय लिवलंय, वाचून दाखवा."

अनुजानं वाचलं. "मुलगा पहिल्या बोटीनं सुटला. आई मागे राहिली."

ही ओळ तिची आवडती होती. आज ती मोठ्यानं वाचताना तिचा आवाज शेवटी बारीक झाला.

"मी मागं ऱ्हायलो, ते खरं हाय," तानाबाई म्हणाल्या. "पर माझ्या लेकानं, आकारामनं, न्हाय ठेवलं मला. सून नऊ दिवसांची बाळंतीण. तिला धरायचं, लेकराला धरायचं, थोरली पोरगी भ्यालेली. ती तिघं बसल्यावर बोटीत जागा उरली एकाची. त्यो हलंना. म्हणला, आये, तू बस. मी माझी शपथ घातली त्याला. हाताला धरून ढकलला बोटीत."

"आणि तुम्ही?"

"गोठ्यात तीन म्हशी बांधलेल्या. दावी सोडली न्हाईत तर जागच्या जागी बुडाल्या असत्या. ती कुनी सोडायची?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सांजच्याला मला आनलं दुसऱ्या बोटीनं. तवर त्यो काठावर उभाच हुता. सकाळधरनं. पान्याचा घोट न्हाय घेतला."

अनुजा त्या दिवशी काठावर तासभर होती. बघ्यांनी सांगितलं ते तिनं टिपून घेतलं होतं. त्या पाठमोऱ्या माणसाला मात्र काही विचारलं नव्हतं.

"मी त्यांना विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"इचारायचं की," तानाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "गेल्या खेपेला ग्रामपंचायतीला उभारला हुता. समोरच्यांनी ह्येच धाडलं घरोघर. आईला सोडून पळाला, गावाला काय सांभाळनार म्हणून. पडला. पडू दे, त्याचं काय न्हाय. पर तवापासनं त्यो माझ्याकडं सरळ बघून बोलत न्हाय."

अनुजानं बोट बटणावर नेलं. "मी पोस्ट काढूनच टाकते."

"पुसू नगा. पुसलं तर म्हनतील, खरं हुतं म्हणून पुसलं."

"मग तुमचं म्हणणं खाली लिहिते."

"खाली कोन वाचतंय? वर लिवा."

अनुजानं टाईप करायला घेतलं. एक वाक्य झालं की ती वाचून दाखवायची. 'आईनं हट्ट केला' असं आलं तिथं तानाबाईंनी तिला थांबवलं.

"हट्ट न्हाय. शपथ. हट्ट केला असता तर त्यानं ऐकलं नसतं."

अनुजानं तो शब्द खोडला. काठावर उभं राहिल्याचं घातलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जुनी ओळ तशीच ठेवून तिच्या वर लिहिलं, की खालची ओळ मी न विचारता लिहिली, ती चुकीची आहे. शेवटी तानाबाईंचं नाव घातलं. सगळं पुन्हा एकदा वाचून दाखवलं. तानाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

"त्यांना वर बोलवू का? दाखवू या," अनुजा म्हणाली. आकाराम खाली मोटरसायकलपाशी थांबला होता.

"नगं. मला ह्यातलं कायबी ठावं न्हाय, असं वाटतं त्याला. मी घरात आलो की फोन पालथा घालतो." त्या उठल्या. "वाटू दे तसंच. हितं बी त्याला, डोळं दावायला डाक्टरीनबाईकडं जायचंय म्हणून आनलंय."

अनुजा त्यांच्याबरोबर जिना उतरली. फाटकाशी उभ्या आकारामच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. फोटोत तो पाठमोरा होता. चेहरा ती पहिल्यांदाच बघत होती.

"काय म्हणल्या मॅडम?" त्यानं आईला विचारलं.

"काय न्हाय. चष्मा लागत न्हाय म्हणल्या."

त्यानं अनुजाला हात जोडले. "लई बरं झालं. तिला दिसंना झालंय का काय, असं वाटत हुतं मला."

तानाबाई एका बाजूला पाय सोडून मागं बसल्या. आकारामनं खाली वाकून त्यांचा एकेक पाय हातानं उचलून पायदानावर ठेवला, चाकाकडं गेलेला पदर गोळा करून त्यांच्या मांडीवर दिला. मग पुढं बसून म्हणाला, "मला धर."

त्यांचा हात खांद्यावर येईपर्यंत त्यानं गाडी चालू केली नाही.