हलायचं नाही

विस्कॉन्सिनच्या रानात ऑक्टोबर लागला की दोघे भाऊ धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जायचे. झाडांवरची त्यांची मचाणं इतकी लांब होती की हाक पोचायची नाही, म्हणून थोरल्या नॉर्बर्टच्या गळ्यात शिट्टी असायची.

"बाण लागला की शिट्टी वाजवीन. त्यानंतर तासभर जागचं हलायचं नाही," त्याने एल्रॉयला बजावलं. "घायाळ हरणाला निवांत मरू द्यायचं असतं. गेल्या साली धावत सुटलास नि हातचं घालवलंस, शहाण्या!"

"वर्षभर तेच ऐकतोय, दादा."

सकाळी शिट्टी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली, मग पुन्हा.

"कळलं रे बाबा, मारलंस! किती मिरवशील?" एल्रॉय पुटपुटला. थर्मासमधली कॉफी संपवून, तास उलटला तरी तो मुद्दामच आणखी बसून राहिला.

मग उतरून दादाच्या झाडाकडे निघाला. निम्म्या वाटेवर रक्ताचा माग दिसला. तो एल्रॉयच्याच मचाणाकडे येत येत थांबला होता.



तिथे नॉर्बर्ट पालथा पडला होता. मांडीत स्वतःचाच बाण, आणि शिट्टी अजून दातांत.